विषय पालिकेच्या अखत्यारीतला

आपल्याकडे नगरसेवक आणि स्मशान यांचं नातं जुनं आहे. विद्युतदाहिनीचं उद्घाटन, शेडवर नाव, बाकावर ‘यांच्या निधीतून’ आणि वॉर्डातल्या प्रत्येक मयतीला हजेरी. एक मयत चुकली की अख्खं घर हातचं गेलं, हे कार्यकर्त्यालासुद्धा पाठ असतं. पण एखाद्या मेलेल्याला शहरात जागा द्यायची की नाही, हा पेच सहसा नगरपित्यावर येत नाही. जर्मनीतल्या स्टुटगार्टचे महापौर मानफ्रेड रोमेल यांच्यावर तो 1977च्या ऑक्टोबरात आला.

18 ऑक्टोबरला शहरातल्याच स्टामहाइमच्या तुरुंगात ‘रेड आर्मी फॅक्शन’ या अतिडाव्या दहशतवादी गटाचे आंद्रेआस बाडर, गुडरून एन्सलीन आणि यान-कार्ल रास्पे असे तिघे गेले. आत्महत्या, असं सरकारने सांगितलं. दुसऱ्या दिवशी, त्यांच्या साथीदारांनी पळवलेले उद्योगपती हान्स मार्टिन श्लायर यांचा मृतदेह फ्रान्समध्ये एका गाडीच्या डिकीत सापडला. श्लायर यांचा शासकीय अंत्यविधी 25 तारखेला, तोही स्टुटगार्टमध्येच. लोकांचं डोकं किती तापलं असेल ते आपल्याला सांगायला नको. अशा वेळी एन्सलीनचे वडील, पेशाने पाद्री, मुलीसाठी जागा मागत होते, आणि आपल्या आईबापांच्या शेजारी ‘ते’ नकोत म्हणून गावकरी खवळले होते.

रोमेल यांनी डोर्नहाल्डनच्या दफनभूमीत तिघांना जागा दिली. वैर कुठेतरी संपायला हवं, ते मरणापाशी संपतं, आणि पहिल्या दर्जाची नि दुसऱ्या दर्जाची दफनभूमी असा भेद आपण मानत नाही, असं त्यांचं म्हणणं. 27 तारखेला दफन झालं. हा माणूस डावा होता म्हणावं तर तसंही नाही. पक्ष कोनराड आडेनाउअर यांचा, म्हणजे चांगला उजवीकडचा.

वैर मरणापाशी संपतं, हेच रावण पडल्यावर रामाने बिभीषणाला सांगितलं होतं. अफझलखानाला प्रतापगडाखाली मानाने मूठमाती मिळाली, हेही आपण पोरांना अभिमानाने सांगतो. आणि 2025च्या मार्चमध्ये तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या औरंगजेबाची खुलदाबादची कबर उखडण्यावरून नागपुरात संचारबंदी लावायची वेळ येते. कीर्तनाला डोलायचं ते कीर्तनापुरतं.

आडनाव वाचून ज्यांना शंका आली, त्यांच्यासाठी: होय, तेच रोमेल. ‘वाळवंटातला कोल्हा’ म्हणून गाजलेल्या फील्डमार्शलचा मुलगा. हिटलरविरोधी कटाचा संशय आला तेव्हा, 14 ऑक्टोबर 1944ला, दोन जनरल घरी आले. विष घ्या, मग इतमामाने अंत्यविधी आणि कुटुंब सुरक्षित, नाहीतर खटला. बापाने पंधरा वर्षांच्या पोराला हे सांगितलं आणि गाडीत बसला. चार दिवसांनी, 18 ऑक्टोबरला, उल्ममध्ये थाटाचा शासकीय अंत्यविधी. भाषणं, लष्करी मानवंदना आणि सगळं धडधडीत खोटं. स्टामहाइमचे मृत्यू बरोबर 33 वर्षांनी, त्याच तारखेचे. यावरून मनाचे धागेदोरे उलगडायचा मोह मी आवरतो. तेवढी जागा संपादक देत नाहीत.

एवढं आडनाव आपल्याकडे असतं तर? बापाच्या तेराव्यालाच ‘साहेबांचा वारसा’ असे फलक लागले असते आणि पोटनिवडणूक बिनविरोध करा म्हणून सर्वपक्षीय आवाहन निघालं असतं. मानफ्रेड मात्र कायदा शिकले, सरकारी नोकरीत फायली हाकल्या, आणि 1974ला महापौरपदाला उभे राहिले. निवडून आले, आणि पुढे 1982 आणि 1990लाही. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे महापौर थेट लोक निवडतात, आठ वर्षांसाठी. सभागृहही त्याचं आणि प्रशासनही त्याचंच. आमच्या मुंबईच्या महापौराला मिळतात अडीच वर्षं आणि पुष्पगुच्छ. तिजोरीच्या किल्ल्या आयुक्तांकडे. 2022च्या मार्चमध्ये पालिकेची मुदत संपली, नंतर वर्षानुवर्षं प्रशासक बसला, तरी महापौर नाही म्हणून शहरात कुणाचा चहा अडला नाही.

त्या 1977मध्येच आणखी एक प्रकरण. तुरुंगातल्या एन्सलीनच्या दातांच्या उपचारासाठी वर्गणी गोळा होत होती. शहराच्या नाटकघराचे प्रमुख क्लाउस पायमन यांनी ती सूचना फलकावर लावली आणि स्वतःही पैसे दिले. मुख्यमंत्री फिल्बिंगर संतापले: काढा त्याला! फिल्बिंगर म्हणजे रोमेल यांच्याच पक्षाचे, शिवाय त्यांचे जुने वरिष्ठ. रोमेल यांनी काढलं नाही. वरून फोन आला की कंत्राटदार आणि शिपाई दोन्ही बदलणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

संत वगैरे नव्हते हं. पोरवयात नाझींच्या वाफेन-एसएसमध्ये जायला निघाले होते, बापाने अडवलं. महापौरपदावरच आयुष्य वाहिलं असंही नाही. 1978ला, नाझी काळात न्यायाधीश म्हणून दिलेल्या मृत्युदंडांवरून फिल्बिंगर यांना जावं लागलं, तेव्हा मुख्यमंत्रिपदासाठी रोमेल यांनीही शड्डू ठोकला. पक्षाच्या आमदारांनी लोथार श्पेट यांना निवडलं. मग काय केलं? वेगळा गट काढला नाही, आमदार घेऊन कुठल्या हॉटेलात गेले नाहीत. परत आपल्या पालिकेत येऊन 1996च्या अखेरपर्यंत कर्ज, ट्राम आणि परदेशी मजुरांच्या वस्त्या यांत डोकं घातलं. बापाविरुद्ध लढलेल्या ब्रिटिश सेनापती माँटगमरीच्या मुलाशी दोस्ती ठेवली. पुढे पार्किन्सनने गाठलं, तरी विनोदी पुस्तकं लिहीत राहिले. 2013ला गेले.

गंमत म्हणजे हे स्टुटगार्ट 1968पासून आपल्या मुंबईचं भगिनी शहर आहे. म्हणजे अभ्यास दौऱ्याला कायदेशीर निमित्त. शिष्टमंडळात कोण, पत्नीचं तिकीट कुणाच्या खात्यात, मर्सिडीजचं संग्रहालय पहिल्या दिवशी की दुसऱ्या, यावर स्थायी समितीत एकमत होतं. 2014पासून तिथल्या विमानतळाला मानफ्रेड रोमेल यांचं नाव आहे. आमचे अभ्यासक तिथेच उतरतील, फलकाखाली फोटो काढतील आणि वॉर्डाच्या ग्रुपवर टाकतील: ‘रणगाडेवाल्या रोमेलच्या विमानतळावर, साहेबांसोबत.’