24 बाय 8, सी-फेसिंग

मुंबईकराला मंगळावर उतरवलं तरी तो आधी कार्पेट एरिया विचारेल. त्यातून माझी नोकरी बँकेत, आणि तीही गृहकर्जाच्या फायली तपासण्याची. त्यामुळे धरमतर खाडीच्या काठी टेकूंवर उभी असलेली ती ऐंशीच्या दशकातली शिडाची बोट मला दाखवली, तेव्हा इतरांच्या मनात जे येतं त्यातलं (वारा, क्षितिज, कान्होजी आंग्रे) माझ्या मनात काहीच आलं नाही. मी लांबी-रुंदीचा गुणाकार केला. 24 गुणिले 8, म्हणजे 192 चौरस फूट. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांत लोकांनी तीन-तीन पिढ्यांचे संसार केले. इथे 32 फूट वर मिळत होते, शिवाय चारही बाजूंनी समुद्र. किंमत दादरला मोटार उभी करायच्या जागेपेक्षा कमी.

"पुढे टोकाला रुंदी शून्य होते आहे," बायको म्हणाली. "तिथेही तू 8च धरलेस."

"लोडिंग धरलंय. सगळेच बिल्डर धरतात."

बोट घेण्यामागे प्रेरणा मात्र उच्च दर्जाची होती. कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली 56 फुटी 'म्हादेई' घेऊन ऑगस्ट 2009 मध्ये मुंबई सोडली आणि मे 2010 मध्ये, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून, मुंबईतच आणली. शिडाच्या बोटीतून एकट्याने जगाला फेरी घालणारे ते पहिले भारतीय. माझा बेत त्याच धर्तीचा, फक्त आटोपशीर: मांडवा ते अलिबाग, रात्री बोटीतच मुक्काम, सकाळी पोहे. आता पोहे म्हटले की शेगडी आली, शेगडी आली की ओटा आला, ओटा आला की मिस्त्री आला.

मिस्त्री आमच्या दादरच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर करणारेच. रो-रो बोटीतून टेम्पोसकट मांडव्याला उतरले, बोटीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "होऊन जाईल." हे ते कशालाही म्हणतात.

बोटीवर लक्ष ठेवायला काठावरचे एक म्हातारे तांडेल होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "सायब, आदी वरशी पानी मारा. कुटं गलतंय ते बगा. आतला काम मंग काडा." मी मान डोलावली. तांडेलांच्या स्वतःच्या होडीत ओटाच काय, साधं फडताळही नव्हतं. इंटिरियरच्या बाबतीत अशा माणसाचा शब्द किती धरायचा हे मला बँकेत शिकवलेलं होतं.

आधी जुनं सगळं काढलं. छताला आतून रेक्झिन चिकटवलेलं होतं आणि त्याच्या पाठीला फोमचा पातळ थर होता. असा फोम वयाप्रमाणे आपोआप विरतो. रेक्झिनचं टोक धरून ओढलं, तर रेक्झिन माझ्या हातात आणि तीसपस्तीस वर्षांचा फोम माझ्या डोक्यावर, तपकिरी भुकटीच्या रूपात. मागे राहिलेला वाळका गोंद घासायचं काम मी आपणहून घेतलं, कारण त्याला कौशल्य लागत नाही असं मिस्त्री म्हणाले. गोंदाखाली फायबर. फायबर म्हणजे काचेचे तंतू, आणि घासल्यावर त्यांची जी धूळ उडते ती कातडीत रुतते. खाजकुइली तरी बरी, ती दिसते. अर्ध्या बाहीचा शर्ट घालून दुपारभर घासलं आणि घरी येऊन कढत पाण्याने अंघोळ केली. रात्री बायकोने माझी गादी बाहेरच्या खोलीत टाकली. सकाळी ती गादीही खाजत होती.

मग भिंती. फ्लॅटमध्ये भिंत हा प्रश्न नसतो. ड्रिल लावलं, प्लग ठोकला, स्क्रू पिळला. बोटीच्या अंगाची जाडी बोटभरही नसते. मिस्त्रींनी सवयीने पहिला स्क्रू पिळला. थोड्या वेळाने बाहेरून तांडेलांची हाक आली, "आतशी कोन हाय रं?" स्क्रूचं टोक त्यांच्या टोपीपाशी निघालं होतं.

बोटीत लाकूड बसवायचं तर काचेच्या कापडाच्या पट्ट्या आणि रेझीन यांनी सांधा धरावा लागतो. रेझीनमध्ये हार्डनर घालायचा तो शेकडा एक-दोन टक्के. मी तो हिंग घालतात तसा अंदाजाने घातला. महिना चैत्राचा, त्यात केबिनमध्ये वारा नाही. रेझीन घट्ट होताना स्वतःच तापतं, आणि हार्डनर जास्त झाला की फारच तापतं. मगातून आधी वास आला, मग धूर आला. मिस्त्री आणि मी हॅचमधून एकाच वेळी बाहेर पडायचा प्रयत्न केला. परत आलो तेव्हा ब्रश मगात ताठ उभा होता. तो मग अजून तसाच आहे, उपडा केला तरी ब्रश पडत नाही.

प्लायवूड मात्र मी उत्तम आणलं. मरीन प्लायवर आयएस 710 हा शिक्का पाहून घ्यावा लागतो. त्या परीक्षेत नमुना 72 तास उकळत ठेवतात आणि तरीही त्याचे थर सुटता कामा नयेत. दुकानदाराच्या गल्ल्यावर काचेच्या बरणीत पाणी आणि पाण्यात प्लायचा तुकडा होता. "साहेब, गेली दिवाळी बघितली यानं." मी प्रभावित झालो. प्लाय पाणी पितं ते पाठीपोटाने नव्हे, कापलेल्या कडेने. म्हणून कापल्यावर प्रत्येक कडेला इपॉक्सी पाजायची असते. हे दुकानदाराने सांगितलं नाही. त्याच्या बरणीतल्या तुकड्याच्या कडांना पॉलिश होतं हेही मला आता आठवतं.

मिस्त्रींनी काठावरच्या आंब्याखाली कपाट जोडलं. सागवानी पट्ट्या, पितळी मुठी, आत तीन खण. वाटेने जाणारे लोक थांबून बघत होते. मग ते बोटीत न्यायची वेळ आली. बोटीच्या हॅचची रुंदी 22 इंच, कपाट तीन फुटी. उभं, आडवं, तिरकं, सगळ्या तऱ्हांनी त्याने आत जायला नकार दिला. "दार मोठं करून घेऊ," मिस्त्री म्हणाले आणि खरोखर करवत घेऊन हॅचकडे निघाले. तांडेल मध्ये उभे राहिले म्हणून बोट वाचली. करवत कपाटावर चालली. त्याचे चार तुकडे आत गेले आणि आत जोडल्यावर चार तुकड्यांचं कपाट म्हणून ओळखू येऊ लागले.

बोटीत काटकोन कुठेच नसतो. मिस्त्री गुण्या लावायचे, एका बाजूला टेकला की दुसऱ्या बाजूला त्यातून उजेड दिसायचा. अशा जागी आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापावा, तो अंगाला बसेपर्यंत तासावा आणि मग त्यावरून प्लाय कापावा, हे फायबरच्या होड्या करणारी पोरंसुद्धा जाणतात. पण फर्मा काढणं मिस्त्रींना कमीपणाचं वाटलं. त्यांचा भरवसा पाणसळीवर. प्रत्येक फळी पाणसळ लावून, बुडबुडा बरोबर मध्यावर आणून त्यांनी बसवली. मी स्वतः तपासून पास केली.

बोट मात्र टेकूंवर नाक किंचित वर करून उभी होती. पावसाचं पाणी मागच्या भोकांतून वाहून जावं म्हणून तशी ठेवतात. ही माहिती आम्हाला बोट पाण्यात गेल्यावर मिळाली.

त्याआधी गाद्या. शिडाच्या बोटीत पुढच्या टोकाला झोपायची जागा त्रिकोणी असते. दोघांची डोकी लांब आणि पाय एका ठिकाणी. मी गादी कारखान्यात माप दिलं.

"यावर झोपणार कोण?" मालकांनी विचारलं.

"मी आणि मिसेस."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि बिलावर लिहिलं, 'समोसा गादी, 2 नग'. पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम त्यांच्याकडे होता, पण तो बसायला कडक लागला. मी मऊ स्पंज घेतला.

ओट्यावर ग्रॅनाइट घातला. 5 बाय 2 चा 18 मिलिमीटर जाडीचा तुकडा सुमारे 45 किलो भरतो. तो डाव्या अंगाला बसला, कपाटही डाव्या अंगालाच, कारण तिकडे व्ह्यू चांगला होता. शेवटी छत. जुन्या छतातून जागोजागी नटांची टोकं दिसत होती, ती मला खटकत होती. ती झाकून पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग केलं, गोंदाने पक्कं चिकटवलं, आत बारा व्होल्टचे छुपे दिवे. तांडेलांनी वर पाहून विचारलं, "वरचा बोल्ट आवलायचा तं खालशी नट कोन धरील?" मी दिवे लावून दाखवले.

मे महिन्यातल्या पौर्णिमेच्या उधाणाला बोट पाण्यात गेली. जाताच नाक खाली आलं आणि बोट डावीकडे झुकली. मेहुण्याला उजवीकडे बसवल्यावर ती सरळ झाली. तेवढ्यापुरता तो बोटीचा भाग झाला, त्याला जागेवरून उठायची मुभा राहिली नाही. आतली प्रत्येक फळी आता पुढे उतरती होती. ओट्यावर ठेवलेली कांद्याची परडी चालत चालत समोसा गादीपर्यंत गेली. गॅसचा सिलिंडर तांडेलांनी आधीच बाहेर काढला होता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दाराखालून निघून जायला वाव असतो, बोटीत तो तळाला साचून काडीची वाट बघतो. तेव्हा पोहे झाले ते स्पिरिटच्या स्टोव्हवर, आणि मेहुण्याला ते जागेवर नेऊन दिले.

मग शीड चढवलं. वारा भरला की शिडाची बोट कलते, तो तिचा स्वभाव. म्हणूनच बोटीतल्या फळ्यांना दीडदोन इंचांचा उभा काठ ठेवतात आणि कपाटांना दाबून उघडायच्या कड्या लावतात. मिस्त्रींनी काठाबद्दल विचारलं होतं. मी 'फिनिश क्लीन हवं' म्हटलं होतं. कड्यांऐवजी मॅग्नेट होते. बोट उजवीकडे कलली तशी डाव्या अंगाची तिन्ही दारं एकदम उघडली आणि बरण्या, डबे, वरण्याची आमटी यांनी समोरच्या भिंतीकडे झेप घेतली. समोर मेहुणा होता. त्याच्यामुळे भिंतीला काही झालं नाही.

पावसाळ्यात कोळी आपल्या होड्या वर ओढून झापांनी शाकारतात. सी-फेसिंग मालमत्तेवर झाप मला शोभेना. मी निळी ताडपत्री बांधली. ती आषाढातल्या एका रात्री अलिबागच्या दिशेने गेली. नारळी पौर्णिमेनंतर हॅच उघडलं तेव्हा आतून जो वास आला त्याने तांडेलही एक पाऊल मागे सरले. डेकवरच्या कठड्याच्या खांबांचे बोल्ट आणि डोलकाठीच्या ताणांचे पाय, दोन्हीकडे जुनं सीलंट संपलेलं होतं. पाणी तिथून आत शिरलं, फॉल्स सीलिंगवरून शांतपणे पुढे गेलं आणि थेट समोसा गादीच्या उशाला गळलं. स्पंजने ते सगळं पिऊन ठेवलं. हवाबंद कपाटाच्या तिन्ही खणांत बुरशी होती, तळच्या खणात छत्र्याही उगवल्या होत्या. इपॉक्सी न पाजलेल्या कडा फुगून पितळी मुठी बाहेर ढकलत होत्या. छुप्या दिव्यांपैकी एक मात्र लागला.

नट धरायला हात पोचावा म्हणून सीलिंग उतरवलं. सीलिंगबरोबर कपाट गेलं, कपाटाबरोबर ओटा. एकेक वस्तू बाहेर पडली तशी बोट पाण्यात सरळ आणि वर येत गेली. आता आत दोन बाकडी आहेत, कडक फोमच्या गाद्या, जाळीचे दोन झोळे, आणि धरायला भक्कम दांडे. छताचे नट उघडे आहेत आणि मला ते आवडू लागले आहेत. बोट चालते पूर्वीपेक्षा चांगली. ग्रॅनाइट तांडेलांच्या अंगणात आहे, त्यावर सुरमई झकास कापली जाते. मिस्त्रींचे पैसे अजून थोडे द्यायचे आहेत.

जुनी बोट घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. सुताराला बोलावण्याआधी एक माणूस आत बसवा, त्याच्या हातात खडू द्या आणि वरून डेकवर बादल्या ओता. थेंब दिसेल तिथे त्याने खूण करावी, तुम्ही वरून सीलंट बदलावं, आणि खुणा थांबेपर्यंत आत एक खिळाही ठोकू नये. आत बसायला माणूस मात्र हॅचचं माप घेऊन निवडा.