वडिलोपार्जित मधपेटीचा पुनर्विकास : नवशिक्यांसाठी सोपे मार्गदर्शन

आगाशी, नंदाखाल, भुईगाव अशा एखाद्या गावच्या वाडीत आजोबांनी ठेवलेली सातेरी माशांची पेटी तुमच्या वाट्याला आली आहे. तळपाट कुजला आहे, चौकटींचे खिळे गंजले आहेत, छपराला आजोबांच्याच काळातले प्लास्टिक बांधलेले आहे. माशा मात्र आत राहत आहेत. वसई-विरारमध्ये अशा वास्तूचे काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथेही पुनर्विकासच करायचा, पण आधी नवी पेटी बांधायची आणि मग जुनी रिकामी करायची.

पायरी 1 : संमतीपत्र. पेटी सातबाऱ्यावर नसते, म्हणून ती सगळ्यांची असते. ‘बाबांची आठवण आहे, हात लावू नका’ असे बजावणारे काका फ्लॅटमध्ये राहतात. त्यांना मधाची बाटली द्या, संमती मिळते. माशांचे तसे नाही. सातेरीला फार छेडले की राणीसकट अख्खी वसाहत उठून जाते. लाकूड वारशाने येते, माशा येत नाहीत.

पायरी 2 : मुहूर्त. पावसाळा वर्ज्य. तेव्हा फुलोरा कमी असतो, राणीचे अंडी घालणे मंदावते आणि नवे पोळे बांधायला लागणारे मेण माशांना पोटभर खाल्ल्याशिवाय सुटत नाही. दिवाळी उलटून फुलोरा वाढला, माशा पायांना पराग लावून आत शिरू लागल्या की लागा कामाला.

पायरी 3 : सुतार. जुनी पेटी न्यूटन मापाची आहे की आजोबांच्या मापाची, हे आधी मोजा; जुन्या चौकटी नव्या पेटीत बसायला हव्यात. फादर न्यूटन यांनी दक्षिण भारतात सातेरीसाठी लहान पेटी बसवली त्याला शंभरावर वर्षे झाली. आजोबांनी मात्र हाताला आली ती फळी वापरलेली असते. सुतार म्हणेल, “एवढी फट कशाला? फिट्ट बसवून देतो.” फिट्ट नको. चौकट आणि भिंत यांत सात-आठ मिलिमीटर मोकळे हवेत. जास्त ठेवले तर माशा तिथे पोळे बांधतात, कमी ठेवले तर चौकट निघत नाही. रंग फक्त बाहेरून द्या आणि वास जाईपर्यंत पेटी उन्हात ठेवा.

पायरी 4 : स्थलांतर. नारळाच्या सोडणांचा हलका धूर द्या. नवी पेटी जुन्याच जागी, दार त्याच दिशेला. दोन हात बाजूला सरकवली तर बाहेरून परतलेल्या माशा जुन्या पत्त्यावर घिरट्या घालत राहतात. चौकटी त्याच क्रमाने हलवा. राणी जिच्यावर असेल ती सर्वांत सावकाश. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत.

पायरी 5 : चौकटी. इथे नवशिका सगळ्याच एकदम बदलतो आणि रिकाम्या पेटीचा मालक होतो. प्रत्येक पिढी कोशाचे अस्तर घरात सोडून जाते, म्हणून जुने पोळे काळे पडते, घरे आक्रसतात. रिकामी काळी पोळी आधी काढा. पिलावा (अंडी, अळ्या, कोश) असलेली कडेला सरकवा. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला साधारण तीन आठवडे लागतात, तेवढे थांबा. एका वेळी एक, फार तर दोन चौकटी, मेणपत्रा (मेणाचा पातळ पत्रा) लावून. काढलेली पोळी त्याच दिवशी वितळवा; माळ्यावर ठेवलीत तर ती मेणकिड्याची होतात. सातेरी डिंकाने फटी बुजवत नाही, त्यामुळे नव्या पेटीच्या बाहेरच्या सांध्यांत फट ठेवू नका.

पायरी 6 : मदत. अडलात तर राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. आपल्याच पालघर जिल्ह्यातले घोलवड ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले आहे, तिथेही चौकशी करा. शेजाऱ्याला विचारू नका; त्याच्या मते माशांना घालवायला रॉकेल उत्तम.

पायरी 7 : जुनी पेटी. कीड लागलेला भाग तासून, ऊन दाखवून ती काकांना आठवण म्हणून द्या. ते ती गॅलरीत ठेवतील. जुन्या मेणाच्या वासाला थवे भुलतात. पुढच्या फुलोऱ्यात एखादा थवा तिथे उतरला की काकांचा फोन येईल. त्यांना हेच मार्गदर्शन पाठवा, पायरी 1 गाळून.