ठेवू का?

बंगळूरमध्ये जोडणीचा सोहळा होतो आणि तोडणीचा तमाशा. घर भाड्याने घ्यायला जा: मालक फिल्टर कॉफी पाजतो, तुळशीची दिशा दाखवतो आणि दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून हसत हसत घेतो. तेच घर सोडायला जा. आता तोच मालक भिंतीतले खिळे मोजत असतो. रंगाचे पैसे, नळाचे पैसे, कधीतरी फुटलेल्या आरशाचे पैसे वजा जाता अनामत कुठे गेली, हे कळायला वेगळा ऑडिटर लागतो.

आमच्या कंपनीत (नाव विचारू नका, पगार तिथूनच येतो) रक्तदाब मोजायच्या यंत्राचं ॲप बनतं. यंत्र ब्लूटूथने फोनला जोडायचं, पट्टा दंडाला बांधायचा, आकडा पडद्यावर. जोडणी झाली की निळी वर्तुळं उमलतात. त्या वर्तुळांवर तीन डिझायनर सहा आठवडे बसले होते. आणि ‘बंद करा’ दाबलं की ॲप पडतं.

‘बंद करा’ दाबल्यावर बंद होतं, मग तक्रार कसली, असं प्रॉडक्ट मॅनेजरने अगदी निर्मळ मनाने विचारलं. तक्रार एवढीच होती की आकडा जतन व्हायच्या आत पडतं.

टेस्टिंगला दंड माझा. एका दुपारी एकवीस वेळा पट्टा आवळला, एकवीस वेळा ॲप पडलं. यंत्राच्या स्वतःच्या इवल्याशा पडद्यावर माझा वरचा आकडा १२८ वरून १५२ वर गेलेला दिसत होता. त्या प्रकल्पातून निघालेली भरवशाची माहिती आजवर एवढीच.

सकाळच्या स्टँड-अपमध्ये उपाय निघाले. एकाने सुचवलं, ट्राय-कॅच लावा आणि कॅच रिकामा ठेवा. म्हणजे चूक होऊ द्यायची आणि पोटात घालायची. आपली एकत्र कुटुंबं याच तंत्रावर चालत आली, पण त्यात आकडा जतन होत नाही. दुसऱ्याने म्हटलं, मध्ये ५०० मिलिसेकंदांची झोप घाला. इथल्या भाषेत, स्वल्प ॲडजस्ट माडि. त्याच्या महागड्या फोनवर चाललं. माझ्या फोनवर नाही. झोप १००० केली, मग २०००. ॲप नुसतं घोरू लागलं, पण उठताना पडायचं ते पडायचंच.

खरा घोळ समजायला मला आईचा फोन आठवावा लागला. आई सांगलीला असते. ती फोन कधीच तोडत नाही. “ठेवू का?” विचारते. मी म्हणतो, “हं, ठेव.” ती म्हणते, “ठेवते हं.” मग शेजारच्या लग्नाचं सांगते. मग खरंच ठेवते. अँड्रॉइडची रीत नेमकी हीच. तिथे डिस्कनेक्ट आणि क्लोज या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. डिस्कनेक्ट म्हणजे फक्त “ठेवू का?”. संबंध तुटल्याची वर्दी आली, की मग क्लोज. आमच्या कोडात या दोन ओळी एकीखाली एक लिहिलेल्या, आणि तिसऱ्या ओळीत त्या जोडणीचं नावच पुसलेलं. पाहुणा “येतो हं” म्हणून उंबऱ्यावर चपला शोधतोय, तोवर आम्ही दार लावलं आणि घरही पाडलं! त्याच क्षणी दुसऱ्या थ्रेडवरून शेवटचा आकडा घेऊन निरोप्या निघालेला. तो येतो, घर सापडत नाही, जागीच कोसळतो आणि अख्खं ॲप सोबत नेतो.

बरं, क्लोज केलंच नाही तर? मग फोनमधल्या मोजक्या जागा अडकून बसतात आणि केव्हातरी पुढची जोडणी १३३ हा आकडा दाखवून नकार देते. या १३३ चा अर्थ शोधण्यात कित्येकांची उमेदीची वर्षं गेली. अर्थ साधारण असा: काहीतरी बिघडलंय, तुमचं तुम्ही बघा.

ज्याच्या नावाने ब्लूटूथ चालतं, त्या दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड ‘ब्लूटूथ’ राजाचंही हेच झालं. डेन्मार्क आणि नॉर्वे त्याने एका छत्राखाली आणले, म्हणून इंटेलच्या जिम कार्डाक यांनी १९९७ मध्ये त्याचं नाव सुचवलं. पुढचं कोणी सांगत नाही. पोटच्या पोराने, स्वेनने, बंड केलं आणि म्हाताऱ्याला देशोधडीला लावलं. जोडणी उत्तम, तोडणीची कोणी चाचणीच घेतली नव्हती.

परमुलखात कशाला जा! बंगळूर १६३८ मध्ये विजापूरकरांनी जिंकलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे भोसल्यांची एक गादी तंजावरला गेली आणि एवढ्या लांबून हे शहर सांभाळणं जड होऊ लागलं. तेव्हा ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांना तीन लाख रुपयांना देऊन टाकायची बोलणी सुरू झाली, असं सांगतात. बोलणी पुरी व्हायच्या आत, १६८७ मध्ये, मुघल सरदार कासिम खान शहरात शिरला. शेवटी शहर वोडेयारांकडेच गेलं, फक्त पैसे मुघलांना मिळाले. आमच्या धंद्यात याला रेस कंडिशन म्हणतात. मुघलांना ती कोड न लिहिता जमली.

असो. मी कोड नीट केला. आधी डिस्कनेक्ट, मग वर्दीची वाट. यंत्राचा सेलच संपला असेल तर दोन सेकंदांनी आपणच दार लावायचं. पडणं थांबलं. मॅनेजरने पाहिलं आणि म्हणाला, “हे दोन सेकंद कशाला? युजर इतका थांबत नाही.” हा गृहस्थ सिल्क बोर्डाच्या सिग्नलला रोज पाऊण तास थांबून येतो. सुधारणा पुढच्या तिमाहीवर ढकलली गेली.

त्या रात्री आईचा फोन. गेल्या महिन्यात मीच तिला एक यंत्र दिलं होतं, जुन्या ॲपसकट.

“अरे, यंत्र लावलं. १३६ आलंय.”

“मग बंद केलंस ना?”

“छे! बंद करताना पडतं, तूच म्हणाला होतास. म्हणून बंदच नाही केलं. सकाळपासून पट्टा दंडालाच आहे. तेवढं सांग, याच्यासकट भाकरी कशी थापायची?”