उधारीची उदबत्ती

पहिल्याच दिवशी दादाजींनी माझ्यापुढे एक पत्र्याचा डबा धरला. "काडीपेटी टाक याच्यात."

मी म्हटलं, मी बिडी-सिगारेट ओढत नाही.

"मंग खिशात काय खुळखुळू राह्यलं?"

खुळखुळत होती ती काडीपेटीच. निघताना आईनं दिली होती. जंगलात चाललास, जवळ असू दे. मुलगा जंगलाला आगीपासून वाचवायच्या नोकरीवर निघालाय आणि माउली त्याच्या खिशात काडीपेटी घालतेय, यातली गंमत परतवाड्याच्या एसटी स्टँडवर आम्हा दोघांपैकी कुणालाच कळली नव्हती.

नोकरी म्हणणंही जरा जास्तच होईल. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्याचा हंगाम. तेवढ्या चार महिन्यांसाठी वनखातं रोजंदारीवर माणसं लावतं. बोलण्यात आम्ही 'फायर वॉचर', आणि गावात 'जंगलात झाडू मारतो तो'. मी बी.ए. होऊन स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरत बसलो होतो. ओळखीच्या एका वनरक्षकानं विचारलं, येतोस का, आणि मी मेळघाटात जाऊन पोचलो. व्याघ्रप्रकल्प १९७३ साली सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांतलं हे एक. आपल्याला वाघ राखायचाय, अशा ऐटीत मी गेलो होतो. हातात झाडू आला.

गावाची व्याख्याच बरोबर होती. जंगलात जाळरेषा असतात. गवत कापून, जाळून मोकळे केलेले लांबच लांब पट्टे. अलीकडची आग पलीकडे जाऊ नये म्हणून. हा पट्टा हंगामाआधी तयार होतो, पण मेळघाट म्हणजे सागाचं रान. इथल्या सिपना नदीचं नावसुद्धा सागावरून. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. आणि उन्हाळा लागला तरी साग पानं टाकतच असतो. सुपाएवढं पान, वाळलं की पापडासारखं वाजणारं. आम्ही चौघं सकाळी सहाला झाडत निघायचो. अर्ध्या तासानं मागं वळून पाहावं, तर झाडलेल्या पट्ट्यावर पंधरा-वीस पानं ऐसपैस पहुडलेली. त्यातलं एखादं तर मी पाहत असताना, अगदी सावकाश, गिरक्या घेत, माझ्याकडे बघत उतरायचं. मला ते वैयक्तिक वाटायचं.

ब्लोअर नावाचं वारा सोडणारं यंत्र होतं एक. ते चालू असलं की पानं उडायची, बंद असलं की आम्ही. बहुतेक वेळा ते चौकीत आराम करायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी आजीला फोन लावला. फोनला रेंज फक्त एका टेकडीच्या माथ्यावर, एका धावड्याच्या बुंध्याला पाठ लावून उभं राहिलं तर. तिथं उभं राहून मी रडगाणं गायलो. झाडलेलं परत भरतं, आजी. या कामाला अर्थ नाही.

आजी अंजनगावकडची. गाडगेबाबांचं शेंडगाव त्याच तालुक्यातलं. बाबा १९५६ मध्ये गेले तेव्हा आजी नऊ-दहा वर्षांची होती, आणि त्याआधी एकदा तिनं त्यांना गावात झाडताना पाहिलं होतं. दिवसा खराटा, रात्री कीर्तन. हे ती आम्हाला इतक्या वेळा सांगायची, की बाबा आमच्या लांबच्या नात्यातले असावेत असं लहानपणी मला वाटे. ती म्हणाली, "काऊन रे, बाबा एकदा गाव झाडून घरी जाऊन बसले काय?"

मी म्हटलं, "तसं नाही, पण..."

"मंग?"

रेंज गेली. आजीच्या बाजूनं गेली की माझ्या, ते कळलं नाही.

दादाजी आमचे म्होरके. साठीचे कोरकू गृहस्थ. ते आपसांत कोरकू, आमच्याशी हिंदी-वऱ्हाडी अशी मिसळ बोलत. मी इथं मला उतरवता येतं तसं उतरवतोय. त्यांचा रोजचा एक नेम होता. जाळरेषेवर शिरण्याआधी वाटेच्या कडेला शेंदूर लावलेला एक दगड होता, वाघदेव. तिथं दादाजी थांबायचे, चपला काढायचे, खिशातून एक उदबत्ती काढायचे, देवासमोर तीनदा ओवाळायचे आणि परत खिशात ठेवायचे. न पेटवता.

दोन दिवस मी गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी विचारलंच.

"फायर सीजन आहे न," दादाजी म्हणाले. "जंगलात पेटवता येत नाही."

"देवासमोरसुद्धा?"

"देव काय जंगलाच्या बाहीर बसला?"

आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की उदबत्ती रोज तीच. चार महिने एकच. देवाला माल दाखवायचा, उधारी चालू ठेवायची. मी शहाणपणानं म्हटलं, याला काही अर्थ आहे का? दादाजींनी माझ्या हातातल्या झाडूकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. आजीशी त्यांची ओळख नव्हती, हे मला माहीत होतं.

मी तसा देवभोळा नाही. म्हणजे परीक्षेच्या दिवशी असतो. पण त्या चार महिन्यांत नाना तऱ्हांच्या विश्वासावर जगायला शिकलो. मोहाच्या झाडाखालून जाताना खोकत, काठी आपटत जायचं, कारण मोहफुलांवर अस्वलाचाही तेवढाच हक्क आणि अस्वल ते ऐकून बाजूला होईल, या भरवशावर. वाघाचं भय त्या मानानं कमी. कोरकू माणूस त्याला कुलामामा म्हणतो. कुला म्हणजे वाघ आणि मामा म्हणजे आपला मामा. मामा फार तर रागावतो. दुपारी दगडाला हात लावला तर चटका बसायचा. दोन वाजेपर्यंत बाटलीतलं पाणी चहाइतकं तापलेलं असायचं. चहाची पूड तेवढी कमी. संध्याकाळी एकमेकांच्या मानेवरचे गोचीड शोधताना आमचा चौघांचा जो काही बंधुभाव होता, तो इतरत्र पाहिला नाही. माकडांत पाहिलाय.

सगळ्यांत जास्त श्रद्धा लागायची ती मजुरीवर. पहिले पैसे होळीपर्यंत येतील, असं सांगितलं होतं. होळी झाली. पाडवा झाला. रामनवमी झाली. हजेरीपटावर आम्ही रोज होतो, बँकेत मात्र गैरहजर. साईबाबांच्या त्या दोन शब्दांतला पहिला मी घरून घेऊन आलो होतो. दुसरा हजेरीपटानं शिकवला.

होळीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कोरकूंचा सगळ्यांत मोठा सण होळी, आणि तो येतो बरोबर वणव्याच्या हंगामात. बाहेरगावी मजुरीला गेलेली माणसं कुठून कुठून परततात. चार-पाच दिवस ढोल, नाच. रस्त्यावर गाड्या अडवून फगवा मागायचा. रजा सगळ्यांनाच हवी आणि आगीला तर रजा नसते. शेवटी असं ठरलं, की संध्याकाळी दादाजींच्या गावात जायचं, होळी बघायची आणि परत यायचं. गावाला लागूनच रान. होळी पेटली, बायका एकमेकींच्या हातात हात घालून गाऊ लागल्या, पोरं ओरडली. आणि त्या गोलाच्या बाहेर, रानाच्या अंगाला, दादाजी हातात पळसाची डहाळी घेऊन उभे. ठिणगी उडाली की डहाळी मारायची. जन्मभर ज्या होळीभोवती नाचले, तिच्यावर त्या रात्री पहारा. नाचणाऱ्या एका म्हातारीनं त्यांना हाक मारून काहीतरी म्हटलं आणि सगळ्या बायका हसल्या. काय म्हणाली, विचारलं, तर दादाजी म्हणाले, "काही नाही. घरवाली आहे."

आमच्यावर नजर ठेवणारा आणखी एक होता. उपग्रह. आठशे-साडेआठशे किलोमीटर उंचीवरून तो फिरतो, त्याला खालची ऊब दिसते आणि आग लागल्याचा इशारा अक्षांश-रेखांशासह वनरक्षकाच्या फोनवर येतो. भारतीय वन सर्वेक्षण ही सेवा चालवतं. व्यवस्था खरोखर चोख. फक्त शेवटचे तीन-चार किलोमीटर, म्हणजे चौकीपासून धावड्याच्या टेकडीपर्यंत, मधूनमधून कुणाला तरी चालत जाऊन पाहावं लागायचं की आकाशातून काही निरोप आलाय का. दादाजी याला म्हणायचे, "वरच्याचा फोन."

एप्रिलात असाच एक वरच्याचा फोन आला. दोन तास चढून गेलो, तर मोहाखालून निघालेली आग उताराचं गवत खात वर चाललेली. लहान होती, डहाळ्यांनी झोडपून तासाभरात विझवली. मोहाखाली एक आजीबाई टोपली घेऊन बसलेल्या. मोहफुलं पहाटे गळतात, पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून पाचोळा पेटवून द्यायचा. बऱ्याच वणव्यांचं मूळ एवढंसं असतं. आजीबाईंना पळून जायचं वय नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

वनरक्षकानं वर बोट दाखवलं. उपग्रह, आजी. तो वरून बघतो. एवढीशी आगसुद्धा दिसते त्याला.

आजीबाईंनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ वर पाहिलं. मग दादाजींना कोरकूत काहीतरी म्हणाल्या. दादाजींनी भाषांतर केलं, "म्हणते, आग दिसते तर आमची सुकी विहीर काऊन नाही दिसत?"

वनरक्षक फॉर्म भरायला आला होता. तो खाली पाहून पेनचं टोपण लावू लागला. मीही दूरवर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखा बघत राहिलो. हा प्रश्न आकाशाला माणसानं पहिल्यांदा विचारला तेव्हा उपग्रह नव्हते, एवढाच काय तो फरक.

खरी आग लागली ती एप्रिल संपता संपता. रात्री नऊच्या सुमाराला, शेजारच्या बीटमधून डोंगर चढून आलेली. आधी आवाज. बांबू पेटला की कांड्या फुटतात, बंदुकीसारख्या. मग झाडांच्या खोडांमागे तांबूस उजेड, जणू पलीकडे मोठ्ठी जत्रा आहे. आम्ही जाळरेषेवर ओळीनं उभे. दादाजींनी चिमूटभर माती वर धरून सोडली. ती कुठं जाते, ते बॅटरीच्या उजेडात पाहिलं. मग त्यांनी पत्र्याचा डबा उघडला, त्यातली एक काडीपेटी काढली आणि माझ्या हातात ठेवली. माझीच. आईची.

"मी म्हणेन तेव्हा लाव."

समोरून येणाऱ्या आगीच्या तोंडी आपणच आग लावायची. मोठी आग वर उठताना पायाशी हवा ओढून घेते. त्या ओढीत आपली आग तिच्याकडे जाते, मधलं गवत आधीच संपतं आणि दोघी भेटून विझतात. हे मी वाचलं होतं. वाचलेलं सगळं खरं होतं. पण फार लवकर लावली तर आपली आग आपल्याच अंगावर येते, आणि फार उशिरा लावली तर काही लावायची गरज उरत नाही. हा मधला क्षण कुठला, ते पुस्तकात नव्हतं. ते दादाजींकडे होतं. तोंडावर धग येत होती, डोळ्यांतून पाणी, आणि मी काडी हातात धरून एका माणसाच्या तोंडाकडे पाहत होतो. इतक्या एकाग्रतेनं मी कुठल्या मूर्तीकडे पाहिलेलं नाही.

"थांब," दादाजी म्हणाले. "थांब. थांब."

माझ्या तोंडावरचा वारा फिरला. पाठीकडून हवा आगीकडे जाऊ लागली. शर्ट पाठीला चिकटला.

"आता."

पेटली. माझी आग वाकली आणि माझ्याकडे पाठ करून निघून गेली. पुढची पाच-सात मिनिटं मला नीट आठवत नाहीत. एवढं आठवतं, की दोन्ही ज्वाळा भेटल्या तेव्हा ताडाएवढ्या झाल्या आणि लगेच खाली बसल्या.

एका जागी मात्र आग पट्टा ओलांडून आलीच. चार-पाच हात रुंदीचा तुकडा. तिथं पानं होती. आदल्या दिवशी तो भाग माझ्याकडे होता. उन्हं चढली होती आणि मला वाटलं होतं, एवढ्याशानं काय होतंय, उद्या परत पडणारच आहेत. चौघांनी मिळून तो झोडपला. माझी एक भुवई गेली. दादाजींनी सकाळी ती जागा पाहिली, माझ्या भुवईकडे पाहिलं आणि मला झाडू दिला. कुणाचा भाग कोणता होता, हे कुणी विचारलं नाही. मी मे महिनाभर तो तुकडा दिवसातून दोनदा झाडत होतो.

पैसे मेच्या शेवटी आले. सगळे एकदम. त्यातून मी आजीला लुगडं घेतलं आणि परीक्षेची फी भरली; परीक्षा पुढं ढकलली गेली, पण तो वेगळ्या विश्वासाचा विषय आहे.

पाऊस त्या वर्षी हंगाम संपायच्या दोन दिवस आधी आला. रात्रभर पडला. पंधरा तारखेला सकाळी चौकीत दादाजींनी डबा उघडून ज्याची काडीपेटी त्याला परत केली. निघताना आम्ही वाघदेवाशी थांबलो. दगड धुऊन निघालेला, शेंदराचा ओघळ खाली मातीत गेलेला. दादाजींनी खिशातून उदबत्ती काढली. चार महिने घामात राहून तिचा मसाला झडला होता. टोकाला बोटभर काळं काय ते शिल्लक. त्यांनी माझ्याकडे हात केला. मी काडीपेटी दिली.

पहिल्या काडीचं गुल पेटीवर घासताच लिबलिबीत होऊन गळून पडलं. दुसरीचंही. तिसरी पेटल्यासारखी झाली, नुसता धूर आला. मी अंग वाकवून आडोसा केला. आठ-नऊ काड्या झाल्या. पेटी सगळी सर्दावली होती.

"चार महिने हिला पेटू नको, पेटू नको म्हटलं न आपण," दादाजी म्हणाले. "आता आयकते काय!"

मग त्यांनी उदबत्ती देवासमोर तीनदा ओवाळली, परत खिशात ठेवली आणि देवालाच सांगितलं, "दिवाळीले लावू."