आमचा जाहीर पाठिंबा

तृतीयपंथीयांच्या लढ्याला आमच्या डोंगरकडा गावानं जाहीर पाठिंबा द्यावा, असं माझं फार दिवसांपासून मत आहे. नुसतं मत नाही, तयारीही झालीय. फ्लेक्सचा मजकूर लिहून ठेवलाय. वर मान्यवरांचे फोटो, मध्ये ठळक अक्षरांत 'सन्मान सोहळा', आणि ज्यांचा सन्मान करायचा त्यांच्यासाठी खाली कोपऱ्यात, 'सौजन्य'च्या जरा वर, थोडी जागा. फ्लेक्स फाट्यावर लावायचा, म्हणजे नांदेडहून हिंगोलीला जाणाऱ्या साहेबांच्या नजरेतून सुटायचा नाही. शेवटी पाठिंबा दिसला पाहिजे. न दिसलेला पाठिंबा आणि वजनकाट्यावर न चढलेला केळीचा घड, दोन्हींचं बिल निघत नाही.

पाठिंबा द्यायचा तर समिती आली. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, निमंत्रक, सल्लागार; निदान एवढी पदं आधी भरावी लागतील. समितीत एखादी तृतीयपंथी व्यक्ती घ्यावी का, हा विषय मी पारावर सहज काढून पाहिला. आबा म्हणाले, "त्यांच्याच कामासाठी त्यांना कशाला तरास द्यायचा रे? आपण हाव ना." आबांच्या मनाचा मोठेपणा पाहून अध्यक्षपद तिथंच त्यांना देऊन टाकलं.

भाषणं कशी होणार हे मला आत्ताच माहीत आहे. पहिला वक्ता संत नामदेवांपासून सुरुवात करेल, कारण नरसी आमच्या जिल्ह्यात आहे आणि समता आम्हाला वारसाहक्कानं मिळालीय. मग औंढ्याची गोष्ट येईल. नामदेव महाराज नागनाथापुढं कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना देवळाच्या मागं पिटाळलं, तर देऊळच फिरलं आणि त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. टाळ्या. माझी विनंती एवढीच की कोणी या गोष्टीचा फार विचार करत बसू नये. त्या देवळानं नामदेवांना शाल दिली नाही, नारळ दिला नाही, मनोगत व्यक्त केलं नाही. एवढं दगडी देऊळ, त्यानं फक्त आपली जागा सोडली. आमच्या समितीच्या नियमावलीत जागा सोडण्याचं कलम नाही.

तसा पाठिंबा आमच्याकडं नवा नाही. दुकानाचा मुहूर्त असला, घरात मुलगा झाला, वरात निघाली की तृतीयपंथीयांची टाळी आम्हाला लागते. माहूरच्या वाटेवर जोगत्याच्या हातातल्या परडीपुढं आम्ही वाकतो. त्यांचा आशीर्वाद चालतो, त्यांच्या शापाला आम्ही भितो. आशीर्वाद आणि शाप यांच्या मधलं जे असतं, म्हणजे शाळेतला बाक, पगाराचं काम, भाड्याची खोली, तेवढं सोडून त्यांचं सगळं आम्हाला मान्य आहे.

आणि गावात कोणाला अडचण असण्याचं कारणही नाही, कारण आमच्या गावात असं कोणी नाहीच. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून 'इतर' म्हणून महाराष्ट्रात ४०,८९१ माणसं नोंदली गेली. ती सगळी दुसऱ्यांच्या गावची असणार. आमच्याकडं एखादं पोरगं आठवी-नववीत जरा वेगळं चालायला-बोलायला लागलं की वर्गातली पोरं त्याला नाव ठेवतात, गुरुजी हसून सोडून देतात, बाप फोकानं समजावतो आणि एक दिवस ते पोरगं गाडीत बसून निघून जातं. विचारलं तर घरचे सांगतात, पुण्याला कंपनीत आहे. मग पुढं कधी तरी रेल्वेच्या डब्यात टाळी वाजते आणि आम्ही खिडकीबाहेर बघतो. तेव्हा लांबच्या तृतीयपंथीयांना आमचा पाठिंबा आहे. जेवढे लांब, तेवढा जास्त.

काही गावांनी मात्र या बाबतीत अगदीच ताळतंत्र सोडलं. सोलापूर जिल्ह्यातलं माळशिरस तालुक्यातलं तरंगफळ घ्या. २०१७ साली तिथल्या लोकांनी ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कांबळे यांना थेट सरपंचच करून टाकलं. सत्कार करून घरी पाठवायचं सोडून लोकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, आणि नळाला पाणी का नाही म्हणून त्यांच्याशीच भांडायची सोय केली.

दुसरं गाव जळगावचं भादली बुद्रुक. ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून तो फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, म्हणजे आमच्या हिंगोलीची प्रकरणं जिथं जातात तिथंच. जानेवारी २०२१ मध्ये न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांना लढायची परवानगी दिली आणि गावानं त्यांना निवडून दिलं. या प्रकरणात त्यांना कोर्टापुढं एक हमी द्यावी लागली, की इथून पुढं आयुष्यभर स्त्री म्हणूनच राहीन, संधी पाहून बदलणार नाही. वाचून मला भरून आलं. संधी पाहून बदलणार नाही! ही हमी महाराष्ट्रात आजवर एका तृतीयपंथी बाईनं दिलीय. बाकीच्या उमेदवारांकडून ती घ्यायची टूम निघाली तर विधानसभेत झाडलोट करणारे तेवढे उरतील.

सरकारचा पाठिंबा तर समितीनं गिरवून घ्यावा असा. २०२२ च्या पोलीस भरतीत अर्जावर दोनच रकाने होते. दोघींनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे 'मॅट'मध्ये, दाद मागितली, मॅटनं तिसरा रकाना ठेवा म्हणून सांगितलं. सरकार त्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात गेलं. म्हणणं असं की हे फार अवघड आहे. ज्या राज्यात एका रात्रीत सरकार फिरतं, तिथं अर्जावर एक चौकोन काढणं अवघड! हायकोर्टानं कान उपटल्यावर डिसेंबरात रकाना निघाला.

दिल्लीचीही तीच रीत. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'नालसा' निकालात सांगितलं की माणूस स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे त्यानं स्वतःच ठरवावं. आमच्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीतला डीजे उतरवेपर्यंत हा निकाल आला होता, पण आवाजात ऐकू गेला नाही. पाच वर्षांनी संसदेनं कायदा केला, की ठरवावं जरूर, पण कलेक्टरांकडून प्रमाणपत्र आणावं. मी पुरुष आहे याचं प्रतिज्ञापत्र मला जन्मात कोणी मागितलं नाही. मिशी आहे आणि सातबारा नावावर आहे, एवढ्यावर भागलं. त्याच कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार करणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा ठेवली. बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं. इथं विनोद सुचत नाही, पुढं जातो.

जयंतीवरून आठवलं. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या शंकांमध्ये समलिंगी संबंधांचीही विचारणा होती. वकीलपत्र घेतलं बॅरिस्टर आंबेडकरांनी. तेव्हा त्यांच्या डोक्यावर काही थोडी कामं नव्हती. ज्या विषयाचं नाव घेतल्यावर पुढारी रुमाल नाकाला लावत होते, त्यासाठी ते कोर्टात उभे राहिले. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. समितीपुढं हे उदाहरण मी मुद्दामच ठेवणार नाही. हरणाऱ्या खटल्यात उभं राहायचं, आणि तेही फ्लेक्सशिवाय, असं पोरांच्या मनात भरलं तर वर्गणी कोण देईल?

कामाचा एक मुद्दा मात्र समितीच्या बैठकीत येऊन गेलाच. आमच्या सूनबाई दहावीपर्यंत शिकलेल्या, चहा आणून ठेवताना बोलून गेल्या, "मामा, समजा त्या वेशीवरून निघून गेलेल्यांपैकी एखादी परत आली, फाट्यावर शिलाई मशीन टाकते म्हणाली, तर तिला खोली कोण देणार? केळीच्या पॅकिंगला गेली तर बायांच्या संडासाला जाऊ देणार का तिला?"

बैठक जरा गप्प झाली. कार्याध्यक्षांनी चहा फार गोड झालाय म्हणून सांगितलं. एकानं विचारलं, गिऱ्हाईक काय म्हणेल? दुसरा म्हणाला, आपली काही ना नाही, पण शेजारी काय म्हणतील? शेजारी त्याच्याच शेजारी बसला होता. तो म्हणाला, मी काही म्हणणार नाही, पण घरची मंडळी म्हणतील. घरच्या मंडळींचं मत सूनबाई उभ्याउभ्या सांगतच होत्या, पण त्या समितीच्या सदस्य नाहीत.

शेवटी आबाच मोठ्या मनानं पुढं आले. फाट्यावर त्यांच्या तीन खोल्या वर्षभर रिकाम्या पडल्यात. ते म्हणाले, त्यातली एक या कामासाठी देतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारपासून तिथं समितीचं कार्यालय सुरू होतंय. भाडं मात्र आबांनी अकरा महिन्यांचं आगाऊ मागितलंय.