असईच्या तोफा आणि आमचं डायनिंग टेबल

"वहिनी, ओ वहिनी! कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या द्या ना भिंतीवरून. आणि जास्तीची असली तर चहाची गाळणीपण."

"गाळणी? परवाच नवी घेतलीत ना बोहारणीकडून?"

"घेतली होती. ह्यांनी तिच्यातून माती चाळली."

"अगबाई! कुंड्यांसाठी?"

"कुंड्या कसल्या! असईच्या लढाईसाठी. डायनिंग टेबलावर लढाई मांडलीय. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो."

"तरीच आमचा नातू विचारत होता, ते आजोबा दिवाळी झाली तरी किल्ला का करतायत म्हणून."

"हळू बोला! किल्ला म्हटलेलं खपत नाही त्यांना. किल्ल्यावर महाराज बसवले, अळीव पेरले की काम झालं. ह्यांचं तसं नाही. ह्यांचा दिवस ठरलेला, 23 सप्टेंबर 1803. वेळ ठरलेली. तोफेचं तोंड कुठल्या दिशेला, तेसुद्धा ठरलेलं."

"असई म्हणजे तुमच्या माहेराकडची की हो."

"भोकरदनच्या बाजूला. केळणा आणि जुई नद्यांच्या मधे. लहानपणी त्या बाजूनं कितीदा गेले असेन, पण एक माणूस कधी म्हणाला नाही की इथे दौलतराव शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीला घाम फोडला होता. हा वेलस्ली म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, नेपोलियनला वॉटर्लूला हरवणारा. म्हातारपणी त्याला विचारलं, तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर गडी वॉटर्लू नाही, असई म्हणाला, असं सांगतात."

"आणि मातीचं काय ते?"

"तेच तर! अहो, परदेशी मॉडेलच्या खोक्यांवरची चित्रं बघून हे पिवळा रंग घेऊन बसले. हिंदुस्थान म्हणजे वाळवंट! म्हटलं, सप्टेंबरात भोकरदनला वाळू कुठून आली? पाऊस उतरत आलेला असतो, जमीन काळीभोर, चिखलानं चपला जड होतात. मग भावाकडून पिशवीभर माती आणवली. ती गाळणीतून चाळली, फेविकॉलात कालवली, थर दिला. तर काय, डांबर ओतल्यासारखं! खरी माती एवढ्या लहान कामात फार काळी दिसते म्हणे. मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं वरवर करडा तपकिरी रंग फिरवला, नुसता उंचवट्यांना लागेल असा. तेव्हा कुठे ती आमच्याकडची जमीन वाटायला लागली. गवत म्हणून सुंभ कातरून लावलंय. ज्वारी कर म्हटलं, तर पट्टी घेऊन बसले! ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते, म्हणजे तीन सेंटिमीटरची हवी."

"तीन सेंटिमीटर? मग माणूस केवढा?"

"जेमतेम इंचभर. एकास बहात्तर हे प्रमाण. त्या इंचभर माणसाला मिशा रंगवतात भिंगातून बघून. शिवाय हिंदुस्थानी गोलंदाज आयते मिळेनात, म्हणून युरोपातल्या तोफखान्याचे प्लास्टिकचे शिपाई आणले, टोप्या कापल्या आणि एम-सीलची पागोटी बांधली. आधी राखी अस्तर, मग कातडीचा रंग. तोही खोक्यावरचा गुलाबी नाही. आमच्या दूधवाल्याच्या हाताकडे बघून तीन तपकिरी मिसळले! तो बिचारा विचारतो, काकू, काही लागलंय का माझ्या हाताला?"

"हा हा! आणि तोफा? सोनेरी असतील छान."

"तुम्हीपण ना! मीही तेच म्हटलं होतं, तर ऐकायला लागलं. ह्या तोफा ओतीव पितळी, शिंद्यांचा ओतकामाचा कारखाना आग्र्याला. दि बॉयन नावाच्या फिरंगी सेनापतीनं बसवलेली घडी ती. पण रोज वापरातली तोफ देवघरातल्या समईसारखी लखलखत नाही. आधी गडद तपकिरी, मग कडांना पितळेचा स्पर्श, तोंडाशी आणि रंजक ओततात तिथे काजळी. काजळी पेन्सिलीच्या शिशाची. ठासणीचा गज म्हणजे माझ्या खराट्याचा हीर. धूर म्हणजे पाहुण्यांच्या उशीतला कापूस."

"मग इंग्रज कुठे ठेवलेत? लाल कोटवाले?"

"एकच. तोही पाठमोरा."

"असं कसं?"

"तीच तर गंमत आहे. वेलस्ली नदी उतरून शिंद्यांच्या बगलेवर आला. पण शिंद्यांचा जर्मन सेनापती पोलमन, त्यानं अख्खी फळी वळवून त्याच्यासमोर उभी केली. तोफांनी असा मारा केला की इंग्रजांचे तोफा ओढणारे बैल मेले, तोफा मागेच राहिल्या. मग ते संगिनी घेऊन चालत आले, तोफांवरनं पुढे गेले. गोलंदाज तोफांपाशी पडलेले. इंग्रजांना वाटलं, मेले सगळे. ते पुढे गेल्यावर त्यातले बरेच जण उठले, तोफा फिरवल्या आणि पाठीमागून बार काढले! वेलस्लीला परत फिरून तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. एक घोडा त्याच्याखाली मेला, दुसऱ्याला भाला लागला. आणि वहिनी, दौलतराव आणि नागपूरकर रघूजी भोसले तोवर रणातून निघून गेले होते. धनी गेले तरी हे तोफेपाशीच."

"बाई गं. आणि शेवटी?"

"शेवटी जिंकले इंग्रजच. शंभराच्या आसपास तोफा नेल्या. पण त्यांचेही पंधराशेच्या वर मेले-जखमी झाले. आपल्या पुस्तकात एवढंच असतं, 1803 साली असईला शिंद्यांचा पराभव झाला. हे म्हणतात, मला पराभव नकोय, मला तो उठणारा माणूस हवाय. म्हणून टेबलाच्या मधोमध एकच तोफ. एक जण चाकाला खांदा लावून ती फिरवतोय, एक बत्ती सांभाळतोय, आणि एक अर्धा उठलाय, कोपर जमिनीवर. त्या अर्ध्या उठलेल्याचे चार नमुने झाले. कधी कंटाळून पसरल्यासारखा दिसायचा, कधी जेवून झोपल्यासारखा. मी म्हटलं, मान वर करा त्याची, कुठे बघायचंय ते आधी बघेल ना माणूस! मान कापून फिरवली, तेव्हा जमला."

"पण टेबल तर चांगलं मोठं आहे तुमचं. आणखी चार तोफा मावल्या असत्या. एक साहेब तरी घोड्यावर..."

"विचारलं मी. तर कॅल्क्युलेटर काढला. आमचं चार फुटी टेबल म्हणजे खऱ्या जमिनीवर नव्वद मीटरसुद्धा नाही. छर्ऱ्याचा मारा तीनशे मीटरवर धरला, तर समोरची फौज इथून चार मीटरवर येते. गोळ्याचा मारा सातशेवर धरला, तर दहा मीटर."

"चार मीटर म्हणजे कुठे आलं?"

"खिडकीतून मोजलंय त्यांनी. तुमच्या धुण्याच्या दगडावर. तेव्हा उद्या पट्टी घेऊन अंगणात उभे दिसले तर घाबरू नका, आणि दगड हलवू देऊ नका म्हणजे झालं."