कंट्रोलर

आमच्या आळीत आबांना कुणी आबा म्हणत नाही, कंट्रोलर म्हणतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, स्टँडवरची खिडकी सुटली, पण नियंत्रण काही सुटलं नाही. गावात निवृत्त माणसाला दोनच उद्योग. पारावर बसून सरकार चालवायचं, नाहीतर घरात बसून सून चालवायची. आबांना पाराचा कंटाळा आणि सून पुण्याला. राहता राहिल्या कोंबड्या.

परसात शेवग्याखाली खुराडं आहे. त्याच्या दाराशी प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर वही आणि वहीला सुतळीनं बांधलेलं पेन. वहीत तीन रकाने : सुटण्याची वेळ, परतीची वेळ, शेरा. कोंबड्यांची नावं अर्थातच एसटीच्या मार्गांवरून आणि गाड्यांवरून पडलेली. काळीभोर ती पाटण, ठिपक्यांची विटा. गुबगुबीत, लाल, घरंदाज दिसणारी ती हिरकणी. कोंबड्याचं नाव एशियाड. तो चालतोही तसाच, मधले थांबे न घेता.

या खात्यातली सर्वात बेशिस्त गाडी म्हणजे विटा. खुराड्यात आबांनी पेंढा घालून, एक खुणेचं अंडं ठेवून अशी जागा केली आहे की माणसालाही बसावंसं वाटावं. विटा तिकडं ढुंकून बघत नाही. ती बाहेर कुठंतरी अंडं घालते आणि ओरडते मात्र भलतीकडंच जाऊन. म्हणून एक दिवस आबा तिच्या मागावर निघाले. पुढं विटा, दहा हातांवर लुंगी सावरत आबा. विटाला मागची चाहूल लागलेली. तिनं आधी आमच्या अंगणातला उकिरडा उकरला. मग राखेत पडून सावकाश अंग घुसळलं, पंख झटकले, एक डोळा मिटून ऊन खाल्लं. आबा पेरूच्या झाडामागं उभे. त्यांना मुंग्या चढल्या तरी हलले नाहीत. अखेर काकूंनी चहाला हाक मारली, आबांनी मान वळवली आणि तेवढ्यात विटा गडप! चहा गार झाला, तेव्हा कुठं शेजारच्या वहिनींच्या सरपणाच्या ढिगातून शेपटाचं टोक दिसलं. आत नऊ अंडी.

मग वाद. वहिनी म्हणाल्या, ‘‘सरपण माझं, अंडी माझी.’’ आबा म्हणाले, ‘‘गाडी कुठंही उभी राहिली तरी उत्पन्न डेपोचं.’’ चार अंड्यांवर तडजोड झाली. वर आबांनी वहिनींना बजावलं, की घरट्यातलं एक अंडं तिथंच राहू द्या, सगळी उचललीत तर ती जागा बदलेल आणि मला पुन्हा मुंग्या चढतील. तेव्हापासून वहिनींचं सरपण हा अधिकृत थांबा आहे.

हिरकणीचं वेगळं. ती वर्षातून दोन-तीनदा खुडूक होते. पिसं फुलवून जागेवर ठाण मांडते, अंडी बंद, जवळ जाईल त्याला चोच. आळीतल्या जाणत्या बायकांनी उपाय सुचवले. गार पाण्यात बुडवा, डालग्याखाली कोंडा, नाकात पीस खुपसा. नाकात पीस म्हटल्यावर आबा भडकले, ‘‘तुमच्या नाकात खुपसू का? रजेचा अर्ज आहे तो. मंजूर!’’ आणि तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं फुली, कारण बाकीच्या कोंबड्या त्याच जागी येऊन आपलं ताजं अंडं सरकवतात आणि मग जुनं कुठलं, नवं कुठलं कळत नाही. आठव्या रात्री आबांनी मला बोलावलं. अंधारात अंडं मुठीत धरून त्यांनी खालून बॅटरी लावली. कवचाआड तांबूस उजेडात लाल शिरांचं बारीक जाळं आणि मधे एक काळा ठिपका. ठिपका हलला. आबा कुजबुजले, ‘‘इंजिन चालू आहे.’’ दोन अंडी कोरी निघाली, ती बाजूला केली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं बाहेर.

पिल्लं झाली की आबांची झोप उडते. वरून घार, कौलावर कावळा, कुंपणात मुंगूस आणि घरातलाच बोका. आबा दिवसभर काठी घेऊन बसतात आणि नेमके जेवायला उठले की घार येते. महिन्याअखेर नवाची चार राहिली. पाच ठिकाणी शेरा : अपघात.

त्यात मानमोडीची धास्ती. पुस्तकात त्या रोगाला राणीखेत म्हणतात. माना वाकड्या होऊन पाखरं पडायला लागली, की दोन-चार दिवसांत आळीतली खुराडी रिकामी होतात. लस स्वस्त आहे, पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात एक थेंब. पण कुपी येते शंभर पिल्लांची, बर्फातून आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. शंभरातली नऊ आबांची, बाकीची कुठून आणायची? आबा थर्मास गळ्यात अडकवून आळीभर पुकारत फिरले, ‘‘लस घेणाऱ्या पिल्लांनी कृपया फलाट क्रमांक एकवर यावे!’’ फलाट म्हणजे त्यांचा ओटा. बायका पदरात, टोपलीत, कुणी शाळेच्या दप्तरात पिल्लं घालून आल्या. पंचेचाळीस भरली. उरलेले थेंब वाया गेले, ते त्यांना अजून लागून राहिलं आहे.

थंडीत दिवस लहान झाला की कोंबड्या हात आखडता घेतात. उजेड वाढवला तर अंडी वाढतात, असं आबांनी कुठंतरी वाचलं. खुराड्यात बल्ब लागला. बल्बवर किडे आले, किड्यांवर कोंबड्या जाग्या राहिल्या आणि रात्री अकराला एशियाड आरवला. वहिनींनी उठून सडा घातला. दुसऱ्या दिवशी काकूंनी बल्ब काढून न्हाणीघरात लावला. काकूंच्या हिशेबानं घरचं अंडं दुकानातल्या अंड्याच्या तिप्पट किमतीला पडतं. आबा म्हणतात, तोट्यातल्या मार्गावरही गाडी सोडावीच लागते.

जावई आले की गावठी रस्सा मागतात. आबा सकाळीच पिशवी घेऊन बाजारात जातात आणि येताना कापून घेतलेला कोंबडा आणतात. वाढताना सांगतात, ‘‘घरचाच आहे, खा.’’ मागच्या खेपेला पहिला घास तोंडात गेला आणि परसातून एशियाडनं बांग दिली. जावई शहाणे, त्यांनी नुसता रस्सा मागून घेतला.

खरा कंट्रोलर पाहायचा तो दिवेलागणीला. कोंबड्या दिवस मावळताना आपसूक खुराड्याकडं वळतात, त्यांना अंधारात दिसत नाही. पण आबा दाराशी उभे राहून एकेकीला पुकारतात, घड्याळ बघतात, वहीत टिपतात. डिसेंबरात त्या लवकर येतात, तेव्हा आबा वहीत ‘हिवाळी वेळापत्रक’ असं लिहून खाली सही करतात. काकू म्हणाल्या, ‘‘सूर्य बुडाला की येतातच त्या, तुम्ही कशाला घसा कोरडा करता?’’ आबांनी टोपण लावत सांगितलं, ‘‘गाडी ड्रायव्हरच चालवतो गं. तरी नोंद लागते.’’

एकदाच ते लग्नाला म्हणून बाहेरगावी राहिले आणि खुराड्याची कडी नीट बसली नाही. रात्री रानमांजर आलं. सकाळी शेवग्याखाली नुसती काळी पिसं. वहीत पाटणच्या पुढं ‘रद्द’ लिहिलं आहे आणि त्या पानावर दुसरं काही नाही. लग्नांना आता काकू एकट्या जातात.

आबांकडं गावठी अंडी मिळतात. हवी असतील तर सकाळी नऊच्या आत जा, रांगेत उभे राहा आणि सुटे पैसे न्या. नोट पुढं केलीत तर अंडी मिळणार नाहीत, भाषण मिळेल.